शंभरावा देश

१

वाल्मीक बोरस्ते पहाटे साडेपाचला उठायचा आणि सहाच्या ठोक्याला गच्चीवरच्या खोलीत बसलेला असायचा. आंघोळ नंतर, देवपूजा नंतर, आधी रेडिओ. "लोक सकाळी उठून स्वतःच्या हाताकडे बघतात, आमचे हे जगाच्या नकाशाकडे बघतात," असं त्याची बायको सुवर्णा शेजारणींना सांगायची. त्यात थोडी तक्रार असे आणि बराचसा अभिमान.

घर सातपूरच्या कामगार कॉलनीतलं. मागच्या अंगणातून गच्चीवर जायला अकरा पायऱ्यांचा लोखंडी जिना. त्यातली मधली, सहावी पायरी चार वर्षांपासून सैल होती. तिच्यावर पाय पडला की थाळी आपटल्यासारखा आवाज व्हायचा. सातपूरमध्ये नुसती हाक मारली तरी दहा वेल्डर गोळा होतील, पण वाल्मीकने एकालाही बोलावलं नाही. तो ती पायरी गाळूनच चढायचा आणि गाळूनच उतरायचा. पायांना इतकी सवय झाली होती की झोपेत चाललं असतं तरी चुकलं नसतं. पाहुणे, दूधवाला, खुद्द सुवर्णा, सगळ्यांकडून ती वाजायची.

छंद म्हणाल तर हौशी रेडिओचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, घ्यायचा आणि गच्चीवर ताणलेल्या तारेच्या जोरावर दूरदूरच्या देशांतल्या अशाच वेड्यांना गाठायचं. पूर्वी बोलून गाठायचे. आता बोलणं संगणकाकडे गेलं होतं. संगणक पंधरा सेकंद शिट्टीसारखा सूर वाजवतो, पंधरा सेकंद ऐकतो. त्या सुरात तुमचा कॉलसाइन, तुमचं ठिकाण, समोरच्याचा आवाज किती जोरात येतोय त्याचा आकडा. शेवटी 'सेव्हंटी थ्री', म्हणजे आपला रामराम. की झाली नोंद. समोरच्याच्या वहीतली नोंद आणि तुमच्या वहीतली नोंद तारीख-वेळेसकट जुळली, की तो देश तुमचा. असे शंभर देश झाले की प्रमाणपत्र.

हा सगळा हिशेब सॉफ्टवेअर ठेवायचं. जुने देश राखाडी, नवा दिसला की ओळ लालभडक. कोपऱ्यात आकडा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तो आकडा होता अठ्ठ्याण्णव, आणि गेले पाच महिने तो तिथेच बसून होता. वाल्मीकला जेवण गोड लागेना. नऊ वर्षांची तपश्चर्या, आणि दोन देशांसाठी घोडं पेंड खात होतं.

बाकी त्याचा स्वतःवर विश्वास दांडगा. पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये तो देखभालीचा प्रमुख होता. द्राक्षाच्या हंगामात दर दोन तासांनी खोल्यांचं तापमान वहीत लिहायचं, खाली सही करायची, हा त्याचा नियम. महेश नावाच्या ऑपरेटरने एकदा दुपारी दोनची आणि चारची नोंद एकदमच करून टाकली, तेव्हा वाल्मीकने त्याला पेट्या भरणाऱ्या सगळ्या पॅकहाऊससमोर झापलं होतं.

"नोंद खोटं बोलत नाही, महेश. माणूस बोलतो. हजर नसताना केलेली सही म्हणजे चोरी."

"चुकलं साहेब," महेश मान खाली घालून म्हणाला होता. हा प्रसंग वाल्मीक पुढे बरेच दिवस रंगवून सांगायचा.

२

बुधवारी सकाळी त्याने संगणक सुरू केला आणि कोपऱ्यात नव्व्याण्णव दिसले.

त्याने चष्मा पुसला. नव्व्याण्णवच होते. यादी उघडली. सगळ्यात वर किरिबाती, पॅसिफिकमधली चिमुकली बेटं. मंगळवारची नोंद, वेळ शून्य सहा दहा. शेजारी हिरवी खूण, म्हणजे समोरच्यानेही तीच नोंद पाठवली होती आणि दोन्ही जुळल्या होत्या.

खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती. डावं नाशिकचं, उजवं जगाचं. जगभरचे रेडिओवाले नोंदी एकाच जागतिक वेळेत ठेवतात आणि ती वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. म्हणजे शून्य सहा दहा म्हणजे आपले सकाळचे अकरा चाळीस. मंगळवारी अकरा चाळीसला वाल्मीक पिंपळगावला कंटेनरच्या दारात उभा राहून द्राक्षांच्या पेट्या मोजून घेत होता. चार माणसं साक्षीला होती.

तो थोडा वेळ डोकं खाजवत बसला. मग त्याला उलगडा झाला आणि तो मोठ्याने हसला. संगणकाने नाशिकची वेळच जगाची म्हणून लावून घेतली असणार! नवशिके ही चूक हमखास करतात. सकाळी सहा दहाला तर आपण याच खुर्चीत होतो.

"किरिबाती मिळालं!" तो जिन्यावरूनच ओरडला.

"अहो, मग पेढे आणा की," सुवर्णा स्वयंपाकघरातून म्हणाली.

आंघोळीला जाताना एक शंका मात्र त्याला चावून गेली. पाच महिन्यांनी लाल ओळ दिसली असती तर आपण खुर्चीतून उडालो असतो. ती आपल्याला आठवत कशी नाही? आणि किरिबातीवाल्याचं घड्याळही नेमकं तितकंच चुकलं? पण पाण्याच्या दुसऱ्या तांब्याबरोबर त्याने ती शंका वाहून जाऊ दिली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसंच.

३

"काल दुपारी कशाला आला होतात?" गुरुवारी रात्री जेवताना सुवर्णाने विचारलं.

वाल्मीकचा घास हातातच राहिला. "मी? काल?"

"काल नाही, परवा. नाही, कालसुद्धा. आलात ते सरळ वर गेलात. मी पुढच्या खोलीत मशीनवर होते." सुवर्णा ब्लाउज शिवायची. लग्नसराईचे दिवस होते, मशीन दिवसभर चालू असे. "मशीन थांबवलं की वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. आणि ती तुमची शिट्टी. मी खालून विचारलं चहा हवाय का, तर हो म्हणालात."

"मी हो म्हणालो?"

"तुम्ही नाही तर कोण? जिन्याच्या वरच्या पायरीवर कप ठेवून आले. हातातलं काम सोडून वर कुठे बसू तुमच्याजवळ? तासाने गेले तर रिकामा कप बशीवर उपडा घातलेला."

चहा संपला की कप बशीवर उपडा घालायचा, ही वाल्मीकची लहानपणापासूनची खोड. तो पाणी प्यायला.

"सुवर्णा, नीट आठव. वर जाताना मधली पायरी वाजली?"

"नाही वाजली," ती सहज म्हणाली. "म्हणून तर कळलं ना, तुम्हीच आहात."

त्याला खरं सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? तो म्हणाला, "हो, आलो होतो थोडा वेळ." घरात दिवसभर एकटी असणाऱ्या बाईला घाबरवण्यात काय हशील, असं त्याने स्वतःला समजावलं. ते अर्धंच खरं होतं. अर्धं असं, की कोपऱ्यातला तो नव्व्याण्णवचा आकडा त्याला फार आवडला होता.

तरी तो इंजिनियर माणूस. शुक्रवारी कामावर निघताना त्याने रेडिओचं बटण बंद केलं, अँटेनाची केबल काढून भिंतीला टांगली आणि रेडिओला वीज देणारी वायरच उपटून गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकली. आता कुणाचा बाप रेडिओ चालवतो ते बघू! दिवसभर पिंपळगावला ती वायर त्याच्या टेबलाच्या खणात होती. दुपारी दोनदा त्याने खण उघडून पाहिला.

संध्याकाळी तो वर गेला. केबल भिंतीलाच होती. खोली गार, बंद, त्याच्याच केसांच्या तेलाचा वास असलेली. टेबलावर उपडा कप होता.

त्याने वायर जोडली, संगणक लावला. आफ्रिकेतलं चाड. शून्य सहा बावीस. हिरवी खूण. समोरच्याने दोन शब्दांची चिठ्ठीही जोडली होती: सिग्नल उत्तम, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

कोपऱ्यात शंभर.

४

त्या संध्याकाळी वाल्मीक बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. खाली मशीनची घरघर चालू होती. त्याला भीती वाटत होती, हे कबूल करायला हवं. पण भीतीच्या बरोबरीने दुसरंही काही वाटत होतं आणि ते भीतीपेक्षा जुनं होतं. नऊ वर्षं.

त्याने शेखरभाऊंना फोन लावला. शेखरभाऊ इंदिरानगरचे, सत्तरीचे, नाशिकच्या निम्म्या रेडिओवाल्यांचे गुरू.

"भाऊ, शंभर झाले."

"अरे वा रे पठ्ठ्या! मग अर्ज टाक ना, वाट कसली बघतोस?"

"भाऊ, समजा... एखाददुसऱ्या नोंदीबद्दल जरा शंका असेल तर?"

"दोन्हीकडच्या नोंदी जुळल्यात?"

"जुळल्यात."

"मग शंका कसली? शेवटी एक प्रतिज्ञा असते. या प्रत्येक संपर्काच्या वेळी स्टेशनवर मी स्वतः हजर होतो, एवढंच. हजर होतास ना?"

वाल्मीकने टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. "हजर म्हणजे... हो, होतो की."

"झालं तर. उगाच भुई धोपटू नकोस," म्हणून शेखरभाऊंनी फोन ठेवला.

महेशला शिकवलेलं त्याला आठवलं नाही असं नाही. आठवलं, चांगलं स्वच्छ आठवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण महेशने तर नोंद स्वतः केली होती, खोटी. ही नोंद आपण केलेलीच नाही, मग आपण खोटं कुठे बोललो? जुळलेली नोंद खोटी असूच शकत नाही. असं सगळं मनाशी नीट रचून त्याने प्रतिज्ञा वाचली. 'मी, वाल्मीक गोटीराम बोरस्ते, वर नमूद केलेल्या सर्व संपर्कांच्या वेळी या स्टेशनवर स्वतः उपस्थित होतो. तो ऑपरेटर मीच.' खाली छोटासा चौकोन. त्याने चौकोनात खूण केली आणि अर्ज पाठवला.

खाली मशीन थांबलं. त्या शांततेत वाल्मीकला वाटलं, मागे कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला. त्याने वळून पाहिलं नाही. दिवा मालवला आणि मधली पायरी गाळून खाली आला.

पुढच्या आठवड्यात सगळं एकदम सुरळीत झालं. दुपारच्या नोंदी थांबल्या. सुवर्णाला वर आवाज ऐकू आले नाहीत. प्रमाणपत्र मंजूर झाल्याचा मेल आला, वाल्मीकने पॅकहाऊसमध्ये पेढे वाटले, महेशला दोन दिले. आपण उगाच घाबरलो, असं त्याने ठरवून टाकलं.

फक्त पहाटे त्याला कुणी उत्तर देईना. सूर बाहेर जात होता, मीटरचा काटा हलत होता, जगभरची स्टेशनं पडद्यावर एकमेकांशी बोलत होती. तो एकेकाला हाक मारायचा आणि ते शेजारच्याला उत्तर द्यायचे. सूर्यावरच्या डागांचा रेडिओलहरींवर परिणाम होतो, तो स्वतःशी म्हणाला. कोल्ड स्टोअरेजच्या हजेरीयंत्रालाही त्याचा अंगठा ओळखू येईना. गारठ्याने बोटं सुरकुततात, दुसरं काय.

५

सुवर्णाने सप्तशृंगीला नवस बोलला होता, यांचे शंभर होऊ देत, ओटी भरीन. रविवारी तिला चार ब्लाउज द्यायचे होते. "तुम्हीच जाऊन या," ती म्हणाली. "नवस शिळा करू नये." तिने खणानारळाची पिशवी हातात दिली आणि दारात उभी राहून तो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पाहत राहिली. वळताना त्याने हात केला, तिनेही केला.

वणी सोडून गडाच्या वळणांना लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की फोन घरी, वरच्या खोलीतच राहिला. असू दे. हातात मावणारा छोटा रेडिओ खिशात होता. गडासारख्या उंचीवरून तो थेट नाशिकपर्यंत पोचतो. बारा वाजता शेखरभाऊंना हाक मारायचं ठरलंच होतं.

दर्शन झालं, ओटी भरली, प्रसादाचे पेढे घेतले. उन्हं छान तापली होती. दुकानांच्या रांगेच्या शेवटी, दरीकडच्या कठड्याशी तो उभा राहिला. खाली सगळा मुलूख पसरलेला, द्राक्षबागा, रस्ते, पार धुरकट नाशिकपर्यंत. वाल्मीकला एकदम भरून आलं. शंभर देश! त्याने रेडिओ तोंडाशी धरला, आपला कॉलसाइन सांगितला आणि शेखरभाऊंना हाक दिली.

खरखर. मग एक स्वच्छ आवाज आला.

पहिल्यांदा त्या आवाजाने कॉलसाइन सांगितला. वाल्मीकचा. मग म्हणाला, "हे स्टेशन सातपूर, नाशिक. ऑपरेटर वाल्मीक. बोला."

आपला स्वतःचा आवाज माणसाला चटकन ओळखू येत नाही. वाल्मीकला तो ओळखायला दोन सेकंद लागले. "ऑपरेटर मी आहे," तो म्हणाला. "हा कॉलसाइन माझा आहे. कोण आहेस तू?"

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. कुणीतरी निवांतपणे यादी चाळत होतं. आणि त्या टकटकीच्या मागे, खूप खालून, मशीनची घरघर. ती थांबली. सुवर्णाचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट, "अहो, चहा ठेवू का?"

"ठेव," आवाज म्हणाला. मग पुन्हा रेडिओत, अगदी सौजन्याने, "माफ करा. तुमची नोंद सापडत नाही. सेव्हंटी थ्री."

खरखर.

वाल्मीक पळाला. कुठे पळतोय ते त्याला कळत नव्हतं. पहिल्याच दुकानात, नारळांच्या ढिगामागे गोजराबाई नावाची म्हातारी बसली होती. मघाशी पेढे त्याने तिच्याकडूनच घेतले होते. "आजी, फोन द्या. एकच फोन. घरी करायचाय."

"आरं, बस की आधी. घामानं निथळतोय," म्हातारी म्हणाली. "पायऱ्या चढून लय दम लागला का? पयल्यांदाच आला वाटतं गडावर?"

"आजी, आत्ताच नाही का तुमच्याकडून पेढे घेतले?"

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझ्याकडनं? नाय बाबा. सकाळधरनं एकच गिऱ्हाईक झालं पेढ्याचं, ते तर कवाच गेलं." तरी तिने पदराच्या गाठीतून फोन काढून दिला.

नंबर त्याला पाठ होता. तीन वेळा वाजला.

"हॅलो?" सुवर्णा.

"सुवर्णा, नीट ऐक. तू आत्ताच्या आत्ता घराबाहेर पड. शेजारी जा. वर जाऊ नकोस."

"कोण बोलतंय?"

"अगं मी! मी बोलतोय, गडावरून."

"मी कोण?"

"वाल्मीक!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की दोन बायका वळून पाहू लागल्या. "तुझा नवरा. सकाळी तूच पिशवी दिलीस ना हातात? वळताना मी हात केला, तू केलास."

तिने फोन ठेवला नाही. वाल्मीकला वाटलं, पटलं. तिला आता आठवेल. सत्तावीस वर्षांचा संसार आहे, आवाज कसा नाही ओळखणार? त्याने मनातल्या मनात देवीला हात जोडले.

"आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय," सुवर्णा हळूच म्हणाली. मग तिच्या आवाजात परक्या माणसाशी बोलतानाचा तो सावध गोडवा आला. "पण हे तर कधीच आलेत हो गडावरून. प्रसादाचे पेढेसुद्धा आणलेत. तुमचं काम असेल तर थांबा हं, ह्यांनाच देते."

"सुवर्णा, नको. बोलावू नकोस त्याला. सुवर्णा!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग मागच्या दाराची कडी. तिने अंगणातून हाक मारली, ओळखीची, रोजची, वाल्मीकने सत्तावीस वर्षं ऐकलेली. "अहो, खाली या. तुमचा फोन आहे."

वर खुर्ची सरकली.

वाल्मीकने फोन कानाशी घट्ट दाबून धरला. चोर असू दे, तो म्हणत होता. वेडा असू दे, कुणीही असू दे, फक्त परका असू दे. लोखंडी जिन्यावर पावलं वाजू लागली. एक. दोन. तीन. चार. पाच. सावकाश, घाई नसलेली.

मधली पायरी वाजली नाही.